जुनं सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर घरी सजवायचंय? हौस मुठीवर भागवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात नोकरी करणारा एक तरुण मेकॅनिकल इंजिनिअर विचारतो: आजोबांच्या वेळचं, परदेशी बनावटीचं सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर आता वडिलांच्या परवान्यावर आहे. लाकडी मूठ तडकली आहे, धातूवरची काळी झळाळी उडाली आहे, चाप जड लागतो. अमेरिकेतले लोक गॅरेजमध्ये बसून अशी रिव्हॉल्व्हरं नवीकोरी करतात, ते व्हिडिओ पाहिले. घरी वाइस आहे, कानशी आहेत, हातही चालतो. मग रविवारी हा उद्योग का करू नये?

भाऊ, मुठीचं काम करा, मनसोक्त करा. चापाला आणि झळाळीला मात्र हात लावू नका. टूलरूममध्ये आणि पुढे बंदूक दुरुस्तीच्या बाकावर माझं आयुष्य गेलं. आता नेमबाजांसाठी मुठी घडवतो. त्यामुळे हे उत्तर घाबरवण्यासाठी देत नाही. हौस योग्य जागी लागावी म्हणून सविस्तर लिहितो.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये परवान्याशिवाय बंदूक बनवणं आणि विकणं यांच्यासोबतच तिच्यात रूपांतर करणं, ती दुरुस्त करणं आणि तिची चाचणी घेणं हेही येतं. वडिलांकडे आहे तो शस्त्र बाळगण्याचा परवाना. दुरुस्तीचा परवाना वेगळा असतो, तो दुरुस्तीच्या दुकानाकडे असतो. २०१९ मधल्या कायदादुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला कलम २५ खाली किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. अमेरिकेतल्या त्या गॅरेजवाल्याला ही भीती नसते, कारण स्वतःच्या बंदुकीवर काम करण्याची तिथे बहुतेक ठिकाणी मुभा आहे. व्हिडिओ तिथला आहे, पोलीस ठाणं मात्र आपलं आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेक पोरांच्या लक्षात येत नाही. वडील शेतावर गेलेत आणि ते रिव्हॉल्व्हर तुमच्या टेबलावर सुटं पडलंय, ही स्थितीच मुळात अडचणीची. परवान्यावर तुमचं नाव नाही. कलम ३ एवढीच सवलत देतं की परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी दुसऱ्याला ते नेता येतं. म्हणजे दुकानात न्यायचं तर वडिलांना सोबत घ्या किंवा त्यांच्या सहीचा कागद खिशात ठेवा. मूळ परवानाही सोबत असू द्या. नागपूर शहराच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्तालयाचा, ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा. शंका असेल तर तिथल्या शस्त्र परवाना शाखेत सरळ विचारा. विचारल्याचा त्रास होत नाही.

आता चाप. तुम्ही मेकॅनिकलवाले, तेव्हा आतलं यंत्र समजून घ्या म्हणजे माझा नकार पटेल. सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये चाप एकच काम करतो: मागे ओढून ठेवलेला घोडा सोडतो. घोडा दर वेळी अंगठ्यानेच मागे घ्यावा लागतो. १८७३ च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीची जी रचना, तीच थोड्याफार फरकाने अशा बहुतेक जुन्या रिव्हॉल्व्हरांत असते. घोड्याच्या बुडाशी तीन खाचा: पहिली सुरक्षेची, दुसरी अर्ध्यावर थांबण्याची, तिसरी पूर्ण ताणाची. घोडा मागे जाताना त्याला जोडलेला एक पंजा सिलिंडरच्या मागच्या दात्यांना वर ढकलतो, सिलिंडर एक घर फिरतं, आणि खालून एक खिटी वर येऊन त्याला जागेवर अडकवते. त्या खिटीचा एक पाय घोड्याच्या बाजूच्या उंचवट्यावर घसरतो, म्हणून ती वेळेवर खाली जाते आणि वेळेवर वर येते. घोडा सावकाश ओढला की चार टकटक ऐकू येतात. तो आवाज म्हणजे या सगळ्या भागांची हजेरी आहे. एखादी टक उशिरा आली किंवा गायब झाली तर आत काहीतरी झिजलंय किंवा स्प्रिंग मेली आहे, हे दुकानातला माणूस कानावरूनच ओळखतो.

यातला एक भाग घासला की बाकीच्यांचा हिशोब बदलतो. चाप हलका करायचा म्हणून पूर्ण ताणाच्या खाचेवर कानस फिरवली, तर आधी जातो तो वरचा कडक थर. जुन्या भागांना फक्त पृष्ठभागावर कडकपणा दिलेला असतो, तोही मिलिमीटरच्या काही दशांश भागाइतका. त्याखालचं लोखंड मऊ. पहिल्या दिवशी चाप लोण्यासारखा लागतो, पोरगा खूश. मग मऊ खाच झिजत जाते, कोन बदलतो, आणि एक दिवस बोट चापावर नसताना घोडा सुटतो. दुसरी हौस म्हणजे घोड्याची मोठी पाती-स्प्रिंग घासून पातळ करणं. त्याने घोड्याचा मार कमी पडतो, काडतूस कधी पेटतं कधी नाही. न पेटलेल्या काडतुसाचं पुढे काय करायचं हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातात ते असणं, यासारखी वाईट गोष्ट नाही.

जुन्या सिंगल-अ‍ॅक्शनचा मूळ दोषही सांगून ठेवतो, कारण तो घरच्यांनाही माहीत असायला हवा. घोडा खाली असताना त्याची टोकदार सुई थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेली असते. घोडा पहिल्या सुरक्षा-खाचेवर ठेवला, तरी रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटलं तर ती खाच तुटू शकते आणि बार उडू शकतो. म्हणून जाणकार सहा घरांत पाचच काडतुसं भरत आणि रिकामं घर घोड्याखाली ठेवत. अमेरिकेत रुगर कंपनीने १९५३ मध्ये आपल्या सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये पाती-स्प्रिंगऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आणल्या. १९७३ पासून घोडा आणि सुई यांच्यामध्ये एक सरकती पट्टी घातली. चाप पूर्ण ओढला तरच ती वर येते आणि घोड्याचा मार सुईपर्यंत पोहोचवते. व्हिडिओत लोक ज्यांवर बिनधास्त खेळतात त्यातली बरीचशी ही नवी रिव्हॉल्व्हरं. भाग बाजारात मिळतात, बिघडलं तर नवा मागवतात. तुमच्या आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचा पंजा तुटला तर तो तुम्ही कुठून आणणार?

अजून एक. खरोखर जुनी असतील, १९०० च्या अलीकडे-पलीकडची, तर ती काळ्या दारूच्या, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या बंदुकीच्या दारूच्या, काळातली असू शकतात. कोल्टने स्वतःच्या सिंगल-अ‍ॅक्शनला बिनधुराच्या दारूची हमी दिली ती १९०० पासून. त्याआधीच्या सिलिंडरमध्ये आजचं काडतूस घालायचं की नाही, हा निर्णय परवानाधारक दुरुस्तीवाल्याने तपासून द्यायचा. तोवर ते शोभेची वस्तू समजून कुलपात राहू द्या.

झळाळीचं थोडक्यात. धातू पुन्हा काळा करण्याआधी तो घासून चकचकीत करावा लागतो, आणि त्या घासण्यातच अनुक्रमांक आणि कारखान्याचे शिक्के पुसट होतात. बफचं चाक तर कडा गोल करतं आणि अंक खाऊन टाकतं. शस्त्रावरची ओळखखूण खोडणं किंवा बदलणं हा कलम ८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. तिथे 'पॉलिश करताना गेलं हो साहेब' हे उत्तर चालत नाही. गरम पद्धतीने काळं करायचं तर कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या कढईशी खेळ आहे, सव्वाशे-दीडशे अंशांचा. घराच्या गॅलरीत ते होत नाही. शिवाय मला स्वतःला जुन्या धातूचा तो तपकिरी-करडा रंग आवडतो. नव्या रंगाने जुनं रिव्हॉल्व्हर केस रंगवलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवा आणि चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातली रसायनं धातूला गंज लावतात. नागपुरात मे महिन्यात काही होत नाही, पण जुलैत बघा.

आता मुठीकडे येऊ, खरा मजकूर इथेच आहे. रिव्हॉल्व्हर हातात कसं बसतं, बोट चापावर कुठे येतं, झटका बसल्यावर ते हातात कसं वळतं, हे सगळं मूठ ठरवते. तुम्ही 'चाप जड लागतो' म्हणता. दहापैकी सात-आठ जणांच्या बाबतीत मी पाहिलंय की चाप जड नसतो, मूठ त्यांच्या हाताला चुकीची असते. मूठ जाड असली की बोट चापावर टोकानेच पोहोचतं, ओढताना बाजूला ढकलतं, आणि मग तो ओढ जड वाटतो. पहिल्या पेराच्या मधल्या मांसल भागावर चाप आला की तोच ओढ हलका लागतो. खाच न घासता तुमचं निम्मं काम मुठीनेच होऊ शकतं.

यातली सगळ्यात सोयीची गोष्ट म्हणजे यासाठी रिव्हॉल्व्हर टेबलावर लागतच नाही. वडिलांच्या समक्ष, सिलिंडरची सहाही घरं डोळ्यांनी आणि करंगळीने तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, मुठीच्या दोन बाजूंच्या जुन्या तडकलेल्या लाकडी पट्ट्या फक्त सोडवून घ्यायच्या. रिव्हॉल्व्हर परत कपाटात, कुलूप वडिलांच्या किल्लीचं. तुमच्या बाकावर राहतात ते लाकडाचे दोन तुकडे. तेच तुमचे नमुने. तडा गेलेली पट्टी आधी पातळ सुपरग्लूने जोडा, मग जाड कागदावर तिची बाह्यरेषा, स्क्रूचं भोक आणि आतल्या बाजूच्या खाचा टोकदार पेन्सिलीने उतरवून घ्या. तिची जाडी तीन-चार ठिकाणी व्हर्निअरने मोजून त्याच कागदावर लिहा. दोन पट्ट्यांऐवजी एकसंध मूठ असेल, म्हणजे धातूच्या पाठपट्टीत अडकवलेला लाकडाचा एकच ठोकळा, तर ती सोडवायला सांगाड्याचे स्क्रू काढावे लागतात. ते मात्र दुकानातच करून घ्या. जुन्या स्क्रूंचे आटे इंची मापाचे असतात. एक हरवला तर आपल्याकडचा मेट्रिक स्क्रू त्यात जात नाही आणि लोक जबरदस्तीने पिळून आटे खराब करतात. स्क्रू डबीत, डबी कपाटात.

लाकूड. नागपूरकराला लाकडासाठी हात पसरावे लागत नाहीत. लकडगंजच्या लाकूडबाजारात फेरी मारा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतलं सागवान, ज्याला अजूनही जुने व्यापारी सीपी टीक (सीपी म्हणजे इंग्रजकाळचा मध्य प्रांत) म्हणतात, ते सगळ्यात आधी दिसेल. पण मुठीसाठी ते माझं पहिलं लाकूड नाही. सागवान तेलकट आणि टिकाऊ आहे, आकारमानाला स्थिर आहे, पण त्याचे रेषे मोकळे असतात आणि पातळ कडा टिचतात. मला आवडतं ते काळं शिसम. जड, घट्ट, घामाला दाद न देणारं, आणि कानशीखाली स्वच्छ कापलं जाणारं. त्याहून कमी लोकांना माहीत असलेलं लाकूड म्हणजे तिवस. आपल्याकडे कुऱ्हाडीचे आणि अवजारांचे दांडे त्याचे करत, ते उगीच नाही. झटके खाणं त्याच्या स्वभावातच आहे. रंगाने शिसमाइतकं देखणं नाही, पण हातात घेतल्यावर माणूस त्याला विसरत नाही. धावडाही चिवट, फक्त वाळताना तडकतो. नवीन लाठा विकत घेण्याची गरज नाही. फर्निचरवाल्याकडे शिसमाची छाट पडलेली असते, वीतभर लांब, दोन-अडीच इंच रुंद आणि इंचभर जाड तुकडा पुरे. जंगलातून 'ओळखीच्याने आणून दिलेलं' लाकूड घेऊ नका. बिल घ्या.

घरी आणलं की लगेच कापू नका. तुकडा घरातल्याच हवेत ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या खोलीशी जुळलं. हे इथे फार महत्त्वाचं आहे, कारण नागपूरची हवा लाकडाचा अंत पाहते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि हवा कोरडी ठाक. ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावला तर ओला होतो. मे महिन्यात धातूशी बरोबर सपाट बसवलेली पट्टी पावसाळ्यात फुगून कडेला वर येते. ऑगस्टमध्ये बसवलेली मे महिन्यात आकसते आणि कडेला फट दिसते. म्हणून शेवटचं घासकाम दसऱ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, किंवा फेब्रुवारीत करा. त्या वेळी लाकूड मधल्या स्थितीत असतं, दोन्हीकडे थोडं थोडं हलतं आणि डोळ्याला खटकत नाही.

रेषा कशा धावतात ते बघा. मुठीचा आकार वाकडा असतो, वर अरुंद, खाली पसरट. रेषा मुठीच्या लांबीने जायला हव्यात. आडव्या गेल्या तर खालचं पातळ टोक पहिल्यांदा हातातून पडलं की निघालं. एकाच ठोकळ्याच्या मधोमध करवत घालून दोन पट्ट्या काढल्या आणि पुस्तक उघडावं तशा उलगडल्या, तर दोन्ही बाजूंची नक्षी एकमेकींचं प्रतिबिंब होते. यात काही अवघड नाही, फक्त कापतानाच ठरवावं लागतं. आणि शिसम घासताना मास्क लावा. त्याचा भुसा नाकाला आणि कातडीला चावतो, काहींना पुरळ येतं.

पहिलं काम आतली बाजू सपाट करण्याचं. खिडकीच्या जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि पट्टी त्यावर आठच्या आकड्यात फिरवा. आतून पेन्सिलीने जाळी काढून ठेवली तर कुठे घासलं जातंय ते दिसतं. सगळ्या रेषा पुसल्या गेल्या की सपाट झाली. मग भोक. स्क्रूचं भोक आतल्या सपाट बाजूनेच पाडा, म्हणजे ते काटकोनात जातं, आणि पट्टीखाली टाकाऊ लाकूड दाबून धरा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना कपच्या उडवतं. स्क्रूच्या डोक्याखाली पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवा. लाकडावर थेट स्क्रू आवळला तर तीच जागा पुढे तडकते. तुमच्या जुन्या मुठीचा तडा तिथूनच सुरू झालेला असेल, बघून घ्या.

बाहेरचा आकार काढताना कडा एक-दीड मिलिमीटर मोठ्याच ठेवा. आता पट्ट्या आणि रिव्हॉल्व्हर, दोन्ही घेऊन वडिलांसह दुरुस्तीवाल्याकडे जा. सांगाड्याच्या धातूवर तेलात कालवलेलं काजळ बोटाने पातळ फासायचं. डोळ्यांत घालायचं घरचं काजळही चालतं, माझ्या बाकावर तेच असतं. पट्टी जागेवर दाबायची, उचलायची. लाकडावर जिथे काळे ठिपके उमटतात तिथे ते उंच आहे. तेवढंच पटाशीच्या धारेने खरवडायचं, पुन्हा दाबायचं. पहिल्यांदा दोनच ठिपके उमटतात. काम होत आलं की सगळ्या पृष्ठभागावर काळी ठिपक्यांची रांगोळी दिसते. इथे घाई करणारा पट्टी स्क्रूने आवळून बसवतो. ती वरून छान दिसते आणि आतून ताणाखाली असते. स्क्रू न लावता, नुसत्या हाताने धरल्यावर पट्टी हलता कामा नये. सगळ्या मुठीच्या कामात मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो आणि गिऱ्हाईकाला तो कधीच दिसत नाही.

त्याच बैठकीत धातूच्या कडेने पट्टीवर टोकदार पेन्सिलीने रेघ मारून घ्या. घरी आल्यावर त्या रेघेपर्यंत घासा, रेघ शिल्लक ठेवून. शेवटचा केसभर भाग पुन्हा दुकानात, धातूवर टेप चिकटवून.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे. सिंगल-अ‍ॅक्शनची मूळ मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वाकलेली असते आणि झटका बसला की हातात किंचित वर फिरते. ती तशीच हवी. त्या फिरण्याने घोडा आपोआप अंगठ्याजवळ येतो. बोटांच्या खोबणी असलेल्या जाडजूड मुठी घालून लोक हे फिरणं बंद करतात, मग अंगठा घोड्यापर्यंत पोहोचत नाही आणि झटका थेट तळव्यात बसतो. वरचा भाग बारीक ठेवा, खाली हळूहळू रुंद करा. करंगळी मुठीखाली दुमडावी लागत असेल तर लागू द्या, जुन्या माणसांची तीच पकड होती. जाळीचं कोरीवकाम पहिल्या जोडीवर करू नका. शिसमाला त्याची गरजही नाही.

पॉलिशला जवसाचं तेल. विदर्भात जवस पिकतो, तेल मिळतं, आणि जगभरच्या जुन्या बंदुकींच्या दस्त्यांवर हेच तेल चढलेलं आहे. पण किराणा दुकानातलं कच्चं तेल वाळायला आठवडे लावतं. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवस तेल घ्या. ४०० नंबरपर्यंत घासून झालं की दोन थेंब बोटावर घ्या, लाकडात जिरवा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसून काढा. वर थर ठेवला तर तो चिकट राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दहा-बारा हात झाले की लाकडाला आतून उजेड आल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात हे तेल लवकर वाळत नाही. आणि हे नीट वाचा: तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि फडकं स्वतःहून पेट घेतं. नागपूरच्या उन्हाळ्यात तर बोलायलाच नको. फडकी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका. गोंदियाकडची चपडा लाख सुंदर दिसते, पण मुठीला नको. हाताच्या उबेने आणि घामाने ती मऊ होऊन पांढरी पडते.

एवढं करूनही हात शिवशिवत असतील, म्हणजे प्रत्येक गोष्ट स्वतःला हवी तशी बदलायचीच असेल, तर १० मीटर एअर पिस्तुलाकडे वळा. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंच नळीचं, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीचं एअर पिस्तूल परवान्याविना घेता येतं, ओळखपत्र लागतं. तिथे मुठीची कारागिरी कितीतरी पुढे गेलेली आहे. एम-सीलसारख्या इपॉक्सी पुट्टीने मुठीवर आपल्या बोटांचे ठसे उठवतात, घासतात, पुन्हा भरतात. महिनाभराने मूठ त्या एकाच माणसाची होते. चाप कारखान्यानेच दिलेल्या स्क्रूंनी जुळवता येतो, कानस लागत नाही. मात्र स्पर्धेचे नियम पाळा: चापाचा ओढ किमान ५०० ग्रॅम, पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमपर्यंत, आणि सगळं मिळून ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. तळव्याखालचा टेकू वर वळलेला चालत नाही, मूठ मनगटाला आधार देता कामा नये. उपकरण-तपासणीत मुठीवरूनच सगळ्यात जास्त वाद होतात. आपल्याच राज्यातल्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं. अशा नेमबाजांचे फोटो मोठे करून फक्त मुठी बघा. बरंच शिकाल.

तुमच्या प्रश्नात शेवटी आणखी एक होतं: घरात आजोबांनी आणलेलं सांबराचं शिंग आहे, त्याची मूठ होईल का? व्हिडिओतल्या खरबरीत पांढऱ्या-तपकिरी मुठी पाहून ते सुचलं असणार. त्या मुठींचं बरंचसं शिंग एके काळी भारतातूनच जात होतं. तो व्यापार केव्हाच बंद झाला. सांबर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या संरक्षणात आहे आणि जंगलात गळून पडलेलं शिंगही आपलं होत नाही. घरातल्या त्या शिंगाचं काय करायचं ते आधी वनविभागात विचारा. करवत लावायचा तर विषयच सोडा. हस्तिदंताचंही तेच. शिंगच हवं असेल तर म्हशीचं घ्या. काळंभोर, चकाकी उत्तम, कायद्याची कटकट नाही. घासताना जळक्या केसांचा वास येतो, म्हणून ते काम घरात करू नका. थर सुटतात, म्हणून ड्रिल हळू चालवा. आणि उन्हात ठेवलेलं शिंग वाकतं, तेव्हा पट्ट्या तयार झाल्यावर त्या गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका.